इंग्लिशमध्ये दोन शब्द जोडून आले की जोर नेमका कुठे द्यायचा?

प्रश्न असा आलाय की पुस्तकातला नियम पाठ आहे, कंपाउंड नाउन (दोन शब्द जोडून झालेलं एकच नाम) असेल तर जोर पहिल्या शब्दावर आणि साधं विशेषण अधिक नाम असेल तर दुसऱ्यावर, पण मग ॲपल पाय, किचन सिंक, ख्रिसमस डे यात जोर शेवटी का ऐकू येतो, ऑक्सफर्ड स्ट्रीट एका तऱ्हेने आणि ऑक्सफर्ड रोड दुसऱ्या तऱ्हेने का म्हणतात, आणि मुळात एवढं सगळं शिकायची गरज आहे का. मी बरीच वर्षं बोलायचं इंग्लिश आणि उच्चार शिकवतोय, रोज फोनवर किंवा मीटिंगमध्ये परदेशी लोकांशी बोलणारी मंडळी माझ्याकडे येतात, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच. उत्तर लांब आहे, वेळ काढून वाचा.

आधी खुणेचं सांगतो. डिक्शनरीत जोर दाखवायला सिलॅबलच्या, म्हणजे शब्दाच्या एका दमात म्हणायच्या तुकड्याच्या, आधी वर एक छोटी उभी रेघ देतात, मी पण तीच वापरतोय. म्हणजे ˈग्रीनहाऊस लिहिलं की जोर ग्रीनवर, ग्रीन ˈहाऊस लिहिलं की हाऊसवर. पहिलं म्हणजे झाडं वाढवायचं काचेचं घर, दुसरं म्हणजे हिरवा रंग दिलेलं कुठलंही घर. तसंच ˈडार्करूम म्हणजे फोटो धुवायची खोली, डार्क ˈरूम म्हणजे नुसती अंधारी खोली. ˈव्हाइट हाऊस म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांचं, व्हाइट ˈहाऊस कोणाचंही. शब्द तेच, अक्षरं तीच, फरक फक्त जोराचा. चॉम्स्की आणि हॅले या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये हेच दोन नियम करून मांडलं, कंपाउंडसाठी एक आणि फ्रेजसाठी एक, आणि पुस्तकांमधून आपल्यापर्यंत पोचला तो साधारण हाच साचा. साचा चुकीचा नाहीये, पण अर्धाच आहे.

पुढे जायच्या आधी जोर म्हणजे नक्की काय ते बघू, कारण निम्मा घोळ इथेच होतो. जोर द्या म्हटलं की लोक मोठ्याने बोलतात. आवाज थोडा वाढतो हे खरं, पण कानाला मुख्य जाणवतं ते सूर बदलणं आणि स्वर लांबणं. ˈक्रेडिट कार्ड म्हणून बघा. क्रे वर सूर वर असतो, तिथूनच तो खाली यायला लागतो, डिट पर्यंत उतरलेला असतो आणि कार्ड अख्खा खालच्या सपाट सुरात जातो. कार्ड गिळायचा नाही, त्यातला आ पूर्ण म्हणायचा, फक्त त्याच्यावर सूर परत वर न्यायचा नाही. आपले बहुतेक लोक काय करतात तर क्रेडिट व्यवस्थित म्हणतात आणि कार्डवर पुन्हा एक उडी मारतात, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन ठिकाणी जोर ऐकू येतो आणि त्यातला शेवटचा त्याला महत्त्वाचा वाटतो. आता तेच प्रश्न म्हणून विचारा, इज दॅट युअर ˈक्रेडिट कार्ड? इथे सूर क्रे पासून चढायला लागतो आणि कार्डवर सगळ्यात वर पोचतो, तरीही जोर क्रेडिटवरच आहे! कारण सूर जिथून वळला ती जागा जोराची, जिथे सगळ्यात उंच गेला ती नव्हे. हे एकदा कानाला कळलं ना की बाकीचं निम्मं काम झालं, म्हणून मी पहिले काही क्लास फक्त यावरच घालवतो.

अजून एक, पहिल्या शब्दावर जोर म्हणजे पहिल्या सिलॅबलवर नव्हे. त्या शब्दाचा स्वतःचा जोर जिथे असेल तिथेच. कंˈप्युटर गेम, इनˈशुअरन्स पॉलिसी, डिˈटेक्टिव्ह स्टोरी. आणि काही जुने जोडशब्द इतके घट्ट झालेत की दुसऱ्या भागाचा स्वरच विरघळून गेलाय. पोस्टमनमधला मन हा मॅन नसतो, आणि कप अधिक बोर्ड या कपबोर्डचा तर कबर्ड होऊन गेलाय. पण हे थोडेच, ब्लॅकबर्ड, टूथब्रश, कीबोर्ड यात दुसरा भाग पूर्ण म्हणायचा.

आता मुख्य मुद्दा. दोन नामं शेजारी आली म्हणजे जोर पहिल्यावर, हे बहुतेक वेळा बरोबर निघतं, बस स्टॉप, फोन नंबर, बँक अकाउंट, टूथब्रश, ट्रॅफिक जॅम, लाइट बल्ब, सगळे पहिल्यावर. म्हणून काहीच माहीत नसेल तर पहिल्यावर द्या, हा अंदाज चांगलाच आहे. पण निकाल लागतो तो दोन शब्दांचं एकमेकांशी नातं काय यावर. आणि लिहिताना ते जोडून लिहिलेत, मधे जागा सोडलीय की डॅश टाकलाय याच्यावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. जोडून लिहिलेल्यात जोर सहसा पहिल्यावर असतो एवढं ठीक, पण जागा सोडलेल्यात दोन्ही प्रकार खच्चून भरलेत. पोस्ट ऑफिस आणि हेड ऑफिस दोन्ही तोडूनच लिहितात, तरी एक ˈपोस्ट ऑफिस आणि दुसरं हेड ˈऑफिस. ˈडान्स फ्लोअर पण ग्राउंड ˈफ्लोअर.

नात्याचं कसं बघायचं? पहिला शब्द जर दुसऱ्याचं काम किंवा उपयोग सांगत असेल, कशासाठी आहे, कशावर काम करतो, काय बनवतो, तर जोर पहिल्यावर. ˈबस ड्रायव्हर बस चालवतो, ˈहेअर ड्रायर केस वाळवतो, ˈपेपर क्लिप कागदांसाठी, ˈगोल्ड माइनमधून सोनं निघतं. पण पहिला शब्द जर दुसरी वस्तू कशाची बनलीय ते सांगत असेल तर जोर शेवटी सरकतो, पेपर ˈबॅग, लेदर ˈजॅकेट, गोल्ड ˈरिंग. म्हणून ˈब्रिक फॅक्टरी म्हणजे विटा बनवणारा कारखाना आणि ब्रिक ˈफॅक्टरी म्हणजे विटांनी बांधलेला कारखाना, मग तिथे आत काही का बनेना. तुमचा ॲपल ˈपाय इथेच बसतो, पाय म्हणजे तो सारण भरून भाजलेला खायचा पदार्थ, आणि तो सफरचंदाचा बनलाय. किचन ˈसिंक मध्ये नातं जागेचं आहे, सिंक किचनमध्ये आहे. ख्रिसमस ˈडे, संडे ˈमॉर्निंग, समर ˈहॉलिडे मध्ये नातं वेळेचं आहे. जागा आणि वेळ आली की जोर बऱ्याचदा शेवटी जातो. पण ˈख्रिसमस ट्री आणि ˈख्रिसमस कार्ड बघा, तिथे वेळ सांगायची नाहीये, झाडाचा आणि कार्डाचा प्रकार सांगायचाय, म्हणून जोर पुढे.

तिसरं एक नातं म्हणजे एकच माणूस किंवा वस्तू दोन्ही असणं. इंग्लिश ˈटीचर म्हणजे जो टीचर पण आहे आणि इंग्लंडचा पण आहे, आणि ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्लिश विषय शिकवणारा, तो मग जगातला कुठलाही असो. मी स्वतः दुसऱ्या प्रकारातला, आणि जोर चुकवून ओळख करून दिली तर समोरचा एक क्षण बघतच राहतो. तसंच ˈगर्लफ्रेंड आणि गर्ल ˈफ्रेंड, पहिलीत प्रेमप्रकरण आहे आणि दुसरी फक्त मैत्रीण जी मुलगी आहे. हा फरक मात्र कोणाला दोनदा सांगावा लागत नाही :)

हे सगळं नातं लावूनही काही शब्द अडतातच, आणि तिथे कामाला येतं ते शेवटच्या शब्दाचं घराणं. स्ट्रीट हे सगळ्यात ठळक उदाहरण. स्ट्रीटवाली सगळी नावं पुढून जोरात, ˈऑक्सफर्ड स्ट्रीट, ˈवॉल स्ट्रीट, ˈबेकर स्ट्रीट. आणि बाकी रस्ते, चौक, पूल, बागा सगळे मागून, ऑक्सफर्ड ˈरोड, ॲबी ˈरोड, पार्क ˈलेन, फिफ्थ ˈॲव्हेन्यू, ट्रफाल्गर ˈस्क्वेअर, वॉटर्लू ˈब्रिज, हाइड ˈपार्क. का? अर्थाने तर रोड आणि स्ट्रीट सख्खे भाऊ. कारण शोधत बसू नका, स्ट्रीटचं घराणं तसं आहे म्हणून. खाण्याच्या पदार्थांतही हेच, ॲपल ˈपाय, चिकन ˈसूप, पण ज्यूस आणि केक या दोन घराण्यांत जोर पुढे, ˈऑरेंज ज्यूस, ˈकॅरट केक, ˈबर्थडे केक. बनलाय कशाचा हा नियम लावला तर ऑरेंज ज्यूसमध्ये जोर ज्यूसवर यायला हवा होता, संत्र्याचाच बनलाय ना तो! पण ज्यूस ऐकत नाही. इंगो प्लाग नावाचे एक जर्मन भाषाशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी रेकॉर्ड केलेल्या बोलण्याचा डेटा घेऊन या विषयावर बरंच काम केलंय आणि त्यात हेच दिसतं की एकटा कुठलाही नियम पुरत नाही, अर्थाचं नातं कामाला येतं आणि त्याच शब्दाचे बाकी जोडशब्द कसे म्हणतात तेही खूप कामाला येतं. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी घराणं हे सगळ्यात सोपं हत्यार आहे. बुक म्हटलं की ˈनोटबुक, ˈटेक्स्टबुक, ˈकुकबुक, मग उद्या नवीन कुठलं बुक आलं तरी तुम्ही चुकणार नाही.

विशेषण अधिक नाम याचंही थोडं सांगतो कारण तिथे पण नियम सरळ नाहीये. ठरलेला अर्थ आला की जोर पुढे येतो असं शिकवतात, ˈब्लॅकबोर्ड, ˈहॉट डॉग, ˈहाय स्कूल. पण ब्लॅक ˈहोल, फर्स्ट ˈएड, रेड ˈटेप, कोल्ड ˈवॉर हे पण ठरलेल्याच अर्थाचे आहेत आणि जोर शेवटीच. म्हणजे अर्थ फिक्स झाला म्हणून जोर पुढे यायलाच हवा असं काही नाही. माणसाचं पूर्ण नाव म्हणताना जोर आडनावावर, हे मात्र जवळपास पक्कं.

पहिल्या शब्दाच्या शेवटी आयएनजी (ing) असेल तर एकच प्रश्न विचारायचा, ती वस्तू ते काम करतेय का, की त्या कामासाठी आहे? ˈस्लीपिंग बॅग झोपत नाही, झोपायसाठी आहे. स्लीपिंग ˈबेबी खरंच झोपलंय. ˈस्विमिंग पूल, ˈवॉशिंग मशीन, ˈरनिंग शूज एका बाजूला, रनिंग ˈवॉटर दुसऱ्या बाजूला. वॉशिंग मशीन धुतं ना म्हणून वाद घालणारा एक जण प्रत्येक बॅचमध्ये असतोच, त्याला मी म्हणतो बंद असलेलं मशीनपण वॉशिंग मशीनच असतं, बंद नळाला रनिंग वॉटर म्हणशील का. आणि ऑफिसात रोज लागणारं म्हणजे क्रियापद आणि त्यापासून झालेलं नाम, लॉग ˈइन करायचं पण ˈलॉगइन विसरलो, विमान टेक ˈऑफ करतं पण ˈटेकऑफ उशिरा झाला, फाइल हरवू नये म्हणून बॅक इट ˈअप आणि मग तो ˈबॅकअप ठेवायचा. इथे गोंधळ फार कमी आहे, नियम जवळपास कायम लागू पडतो, म्हणून सुरुवात करायला हा गट उत्तम.

तीन शब्द आले की लोक घाबरतात, पण घाबरायचं कारण नाही, आधी बघा कुठले दोन आतून जोडलेत. ˈक्रेडिट कार्ड बिल मध्ये क्रेडिट आणि कार्ड आधी जोडले, मग त्याचं बिल, तर जोर क्रेडिटवरच राहतो, पुढे कितीही शब्द लावत जा, ˈक्रेडिट कार्ड बिल पेमेंट, जोर हलत नाही. पण मागचे दोन आधी जोडलेले असतील तर जोर मधल्यावर येतो. वर्ल्ड ˈहेल्थ ऑर्गनायझेशन, नॅशनल ˈहेल्थ सर्व्हिस. यातलं भाषाशास्त्रातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे किचन टॉवेल रॅक. ˈकिचन टॉवेल रॅक म्हणजे किचन टॉवेल अडकवायचा रॅक, तो रॅक कुठे का असेना. किचन ˈटॉवेल रॅक म्हणजे किचनमध्ये लावलेला टॉवेल रॅक. लिहिलेलं वाचून हा फरक कळूच शकत नाही, ऐकूनच कळतो.

आता तुम्ही म्हणाल की मी तर एका इंग्लिश माणसाला ˈॲपल पाय म्हणताना ऐकलंय. ऐकलंच असणार! कारण हे वर सांगितलेलं सगळं शब्द एकटा असतानाचं, आणि वाक्यात आला की संदर्भ सगळ्यावर मात करतो. समोर खायला तीन-चार तऱ्हेचे पाय ठेवलेत आणि त्यातला कुठला हवा असं विचारलं तर पाय हा शब्द दोघांना माहीतच आहे, नवीन माहिती फक्त ॲपल, तर जोर ॲपलवर जाणार. उलटंही होतं, बस ड्रायव्हर एरवी ˈबस ड्रायव्हर, पण मी बस ˈकंडक्टर म्हणालो होतो, बस ˈड्रायव्हर नाही, असं कोणी दुरुस्त करत असेल तर जोर मागे. म्हणून एका वाक्यात एकदा ऐकलं आणि नियम ठरवला असं करू नका, आणि दोघांनी वेगवेगळं म्हटलं तर लगेच एक चुकतोय असंही समजू नका.

दुसरी एक गोष्ट जोर हलवते ती म्हणजे लय. आफ्टरˈनून एकटा असेल तर जोर नूनवर, पण पुढे टी लावला की ˈआफ्टरनून ˈटी, कारण दोन जोराचे सिलॅबल एकमेकांना चिकटलेले इंग्लिशला आवडत नाहीत, मग पहिल्या शब्दातला जोर त्याच्या सुरुवातीकडे सरकतो. थर्ˈटीन पण ˈथर्टीन ˈमेन, द कार इज सेकंड-ˈहँड पण अ ˈसेकंड-हँड ˈकार. हे मुद्दाम पाठ करू नका, वेगात बोलायला लागलात की आपोआप यायला लागतं.

ब्रिटिश-अमेरिकन फरक थोडाफार आहे, ब्रिटनमध्ये वीकˈएंड आणि आइस ˈक्रीम जास्त ऐकू येईल, अमेरिकेत ˈवीकेंड आणि ˈआइस क्रीम. यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, ज्यांच्याशी रोज बोलताय त्यांचं घ्या.

गरज आहे का, याचं उत्तर माझ्या मते हो, पण सगळ्याची नाही. इंग्लिश ऐकणारा माणूस जोराच्या सिलॅबलवरून शब्द कुठे सुरू झाला त्याचा अंदाज बांधतो, ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस या दोन संशोधकांनी 1988 मध्ये प्रयोग करून हे दाखवलं होतं. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो आणि तेच इंग्लिशमध्ये नेतो. त्यामुळे होतं काय की प्रत्येक शब्द बरोबर म्हणूनही समोरच्याला वाक्याचे तुकडे पाडता येत नाहीत आणि तो सॉरी म्हणतो, आणि आपल्याला वाटतं उच्चार चुकला म्हणून आपण तेच आणखी मोठ्याने म्हणतो, पुन्हा दोन्ही शब्दांवर जोर देऊन. शेवटी जोर असलेले शब्द सपाट म्हटले तरी बहुधा निभावून जातं, कारण कानाला शेवटचा जोर तसाही ठळक लागतो. मार खातो तो पुढे जोर असलेल्या शब्दांत. म्हणून ॲपल पाय आणि किचन सिंकच्या अपवादांवर डोकं खाण्यापेक्षा आधी फोन नंबर, बँक अकाउंट, पासवर्ड, क्रेडिट कार्ड, लॉगइन हे रोज तोंडात येणारे शब्द घ्या आणि दुसरा भाग खाली बसवायला शिका.

सराव करताना सुटा शब्द शंभरदा म्हणू नका, वाक्याच्या शेवटी आणून म्हणा, आय लॉस्ट माय ˈक्रेडिट कार्ड, व्हॉट्स युअर ˈफोन नंबर, आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. शब्दांशिवाय नुसतं हम्म हम्म करून तोच सूर गुणगुणलात तर चूक लगेच सापडते, कारण अक्षरांत लक्ष अडकत नाही. शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा लाँगमनच्या लर्नर्स डिक्शनरीत बघा, बऱ्याच जोडशब्दांना तिथे ऑडिओही असतो. खुणा वाचताना एक लक्षात ठेवा, पहिल्या शब्दाला खालची रेघ आणि दुसऱ्याला वरची असेल तर मुख्य जोर दुसऱ्यावर, खालची रेघ म्हणजे दुय्यम. डिक्शनरीत नसलेला शब्द असेल तर यूग्लिश नावाच्या वेबसाइटवर टाका, तिथे खऱ्या व्हिडिओंमधले तुकडे मिळतात, पण एक ऐकून थांबू नका, पाच-सहा ऐका, आणि ज्यात बोलणारा कशाची तरी तुलना करतोय तो तुकडा सोडून द्या. आद्याक्षरांची नावं तेवढी डिक्शनरी न उघडता जमतात, जोर शेवटच्या अक्षरावर, बी बी ˈसी, यू एस ˈए, ए टी ˈएम, आणि त्याच्यापुढे कार्ड लागलं की ए टी ˈएम कार्ड, कार्ड पुन्हा खाली.